सोनेरी काचेआडचा तिसरा चांद्रवीर

चंद्रावर माणसाने काढलेल्या हजारो छायाचित्रांपैकी मोजकीच पुनःपुन्हा छापली जातात. त्यातले एक असे : पांढऱ्या अंतराळ पोशाखातील एक माणूस चंद्राची माती भरलेली डबी हातात धरून उभा आहे. त्याचा चेहरा दिसत नाही. चेहऱ्याच्या जागी आहे एक फुगीर, सोनेरी आरसा. त्या आरशात काळेभोर आकाश आहे, करड्या जमिनीचा वाकलेला तुकडा आहे आणि मधोमध, छातीवर कॅमेरा बांधलेली, आणखी एका माणसाची इवलीशी आकृती आहे. डबी धरून उभे असलेले गृहस्थ म्हणजे अपोलो १२ मोहिमेतील ॲलन बीन. आरशातली आकृती त्यांचे कप्तान चार्ल्स ऊर्फ पीट कॉनराड यांची. छायाचित्र नोव्हेंबर १९६९ मधले.

चंद्रावर पहिले पाऊल कोणी ठेवले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुसऱ्याचे नावही बहुतेकांच्या ओठांवर असते. तिसऱ्यापाशी मात्र भलेभले अडखळतात. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईतही येऊन गेले. त्यानंतर महिन्याभरातच कॉनराड चंद्राकडे निघाले, तेव्हा जगाची उत्सुकता ओसरू लागली होती. चंद्रावर उतरणारा तिसरा माणूस ही त्यांची ओळख खरीच. पण त्यांच्या आयुष्याकडे जरा निवांतपणे पाहिले, की एक वेगळाच धागा हाती लागतो. हा माणूस दोनदा सूर्याच्या उघड्यानागड्या उन्हाला सामोरा गेला. एकदा चंद्रावर, एकदा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रयोगशाळेत. पहिल्या वेळी त्याचे डोळे वाचले ते सोन्याच्या अतितलम थरामुळे. त्याच थराने त्याचा चेहराही जगापासून लपवला.

कॉनराड यांचा जन्म २ जून १९३० रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. वडिलांनी जमीनजुमला आणि बँक व्यवसायात भरपूर पैसा मिळवला होता. घराला हवेलीची ऐट होती. १९२९ नंतरच्या महामंदीने ती ऐट हळूहळू उतरवली. १९४२ मध्ये हवेली गेली आणि कुटुंब एका नातेवाइकाच्या आधाराने लहानशा घरात राहू लागले. पुढे वडीलही घर सोडून गेले. शाळेत पीट यांची गत याहून वाईट होती. अक्षरे त्यांना दाद देत नसत. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो आणि ज्याविषयी आपल्याकडेही आता पालक उघडपणे बोलू लागले आहेत, तो दोष त्यांच्यात होता. त्या काळी त्याला नाव ढिलेपणाचेच मिळे. बहुतेक विषयांत नापास झाल्यावर हॅव्हरफर्डच्या प्रतिष्ठित शाळेने त्यांना काढून टाकले.

आईने हार मानली नाही. तिने न्यूयॉर्क राज्यातील डॅरो ही शाळा शोधून काढली. तिथल्या शिक्षकांनी या मुलाला शिकण्याची निराळी पद्धत दाखवली आणि तोच मुलगा १९४९ मध्ये नौदलाची शिष्यवृत्ती घेऊन प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाला. वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५३ मध्ये मिळवली. यंत्रांचे वेड मात्र त्याआधीचे होते. सुट्टीत ते जवळच्या छोट्या धावपट्टीवर पडेल ते काम करीत आणि मजुरीच्या बदल्यात विमानात बसून घेत. विमान चालवण्याचा परवाना त्यांना कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वीच मिळालेला होता.

नौदलात ते लढाऊ वैमानिक झाले आणि १९५८ मध्ये मेरीलँडमधील पॅटक्झंट रिव्हर येथे चाचणी वैमानिक. जेमतेम साडेपाच फुटांवर उंची, पुढच्या दातांत फट, टक्कल पडू लागलेले डोके आणि तोंडाची अखंड टकळी, असा हा गडी वर्गात उठून दिसे. १९५९ मध्ये नासाने पहिल्या अंतराळवीरांच्या निवडीसाठी चाचणी वैमानिक बोलावले, तेव्हा कॉनराडही गेले. न्यू मेक्सिकोतील लव्हलेस क्लिनिकमध्ये उमेदवारांच्या शरीराची आठवडाभर इतकी चिरफाड चाले, की अनेकांना ती अपमानास्पद वाटली. इतरांनी मुकाट सोसले; कॉनराड यांनी सोसले नाही. शौचाचा नमुना मागितला गेला, तेव्हा तो त्यांनी भेटवस्तूसारखा खोक्यात घालून, वर लाल फीत बांधून पाठवला. मानसशास्त्रज्ञाने कोरे कार्ड दाखवून त्यात काय दिसते असे विचारल्यावर, आपण ते उलटे धरले आहे, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सुनावले. निकाल अपेक्षितच लागला. दीर्घ मुदतीच्या अंतराळ प्रवासासाठी अयोग्य, असा शेरा मारून त्यांना परत पाठवण्यात आले.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६२ मध्ये, नासाने दुसऱ्या तुकडीत त्यांना घेतले. ऑगस्ट १९६५ मध्ये गॉर्डन कूपर यांच्यासमवेत जेमिनी ५ या यानातून ते जवळपास आठ दिवस पृथ्वीभोवती फिरले. तोवर इतका काळ कोणीही अंतराळात राहिले नव्हते. मोटारीच्या पुढच्या दोन आसनांएवढ्या जागेत आठ दिवस! त्या शेऱ्याचे काय झाले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

सप्टेंबर १९६६ मधील जेमिनी ११ मोहिमेत ते कप्तान होते आणि जोडीला जिवलग मित्र रिचर्ड गॉर्डन. या यानाने १,३६९ किलोमीटर उंची गाठली. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत माणसाने गाठलेल्या उंचीचा हा विक्रम थेट सप्टेंबर २०२४ मधील पोलारिस डॉन मोहिमेपर्यंत टिकला. पण हेल्मेटच्या दृष्टीने या मोहिमेतला दुसराच प्रसंग महत्त्वाचा. गॉर्डन यानाबाहेर पडले. दोन यानांना जोडणारी दोरी बांधण्याचे काम होते. अंतराळात पाय टेकायला जमीन नसते, त्यामुळे साधी गाठ मारतानाही सर्वांगाला झुंजावे लागते. गॉर्डन घामाने निथळले आणि तो घाम डोळ्यांत उतरला. हेल्मेट घातलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत. उजवा डोळा जळजळून मिटला, दिसेनासे झाले. आत बसलेल्या कॉनराड यांनी एका क्षणाचाही विचार न करता काम अर्धवट टाकून मित्राला आत बोलावले. काचेच्या अलीकडचा घाम आणि पलीकडचा सूर्य, या दोहोंमध्ये डोळा किती असहाय असतो, हे त्यांनी त्या दिवशी हातभर अंतरावरून पाहिले.

आता थोडे त्या काचेविषयी. तिला काच म्हणायचे ते केवळ सवयीने. ती प्लॅस्टिकची असते. अपोलोच्या अंतराळवीरांचे मूळ हेल्मेट म्हणजे पॉलिकार्बोनेट या कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकचा बुडबुडा होता, मासे ठेवण्याच्या गोल काचपात्रासारखा. ते मानेभोवतीच्या धातूच्या कड्यात अडकवले, की पोशाख हवाबंद होई. यानाच्या आत तेवढे पुरेसे असे. चंद्रावर पाय ठेवण्यापूर्वी मात्र या बुडबुड्यावर आणखी एक आवरण चढवावे लागे. त्या आवरणाला एकापुढे एक अशा दोन काचा होत्या. आतली पारदर्शक काच अतिनील किरण अडवी, शिवाय सूक्ष्म उल्काकण आणि पडझडीपासून मूळ हेल्मेटचे रक्षण करी. बाहेरची काच अधिक उष्णता सोसणाऱ्या पॉलिसल्फोन या प्लॅस्टिकची, आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. दोन्ही काचा हाताने वरखाली करता येत. दोन्ही बाजूंना घोड्याच्या झापडांसारख्या आडपट्ट्या होत्या.

सोने कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. पृथ्वीवर आपल्या आणि सूर्याच्या मध्ये हवेचे जाड पांघरूण असते. अतिनील किरणांचा बराचसा भाग ते गाळून घेते आणि उरलेला प्रकाश आकाशभर पसरवते. चंद्रावर हवा नाही. तिथे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट इतकी सूर्यशक्ती जशीच्या तशी आदळते. आकाश काळे असते, पण जमीन डोळे दिपवणारी. सावलीत गेले की गडद काळोख. सोने हा धातू उष्णतेचे अवरक्त किरण फार चांगले परतवतो, हवेने वा ओलाव्याने काळवंडत नाही आणि त्याचा इतका पातळ थर देता येतो की त्यातून आरपार दिसते. आपल्याकडे मिठाईवर लावला जाणारा वर्खही या थरापुढे जाडजूड ठरावा. बाहेरून पाहणाऱ्याला तो आरसा वाटतो. आतल्या माणसासाठी तो गॉगल असतो. जेमिनी ४ मोहिमेत जून १९६५ मध्ये यानाबाहेर तरंगणारे पहिले अमेरिकी एड व्हाइट यांच्या हेल्मेटवरही सोन्याचा मुलामा होता. पुढच्या काळातील शटलच्या आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या पोशाखांतही तीच युक्ती कायम राहिली.

कॉनराड यांच्याकडे चंद्राची मोहीम आली, त्यामागेही नशिबाचा खेळ होता. ते राखीव तुकडीचे प्रमुख होते. ज्या मोहिमेचे राखीव, तिच्यानंतरच्या तिसऱ्या मोहिमेचे मुख्य, असा तेव्हाचा शिरस्ता. मूळ वेळापत्रकाप्रमाणे ते अपोलो ८ साठी राखीव होते. पण अवतरणयान वेळेवर तयार झाले नाही, मोहिमांची अदलाबदल झाली आणि कॉनराड यांची तुकडी अपोलो ९ मागे गेली. म्हणजेच अपोलो ११ ऐवजी अपोलो १२ त्यांच्या वाट्याला आली. एरवी पहिले पाऊल त्यांचे पडले असते. याबद्दल त्यांनी उभ्या आयुष्यात कधी गळा काढल्याचे कोणी सांगत नाही.

तुकडीत गॉर्डन होतेच. तिसरे होते क्लिफ्टन विल्यम्स. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांचे टी-३८ विमान कोसळून ते मरण पावले. त्यांच्या जागी कॉनराड यांनी ॲलन बीन यांना मागून घेतले. पॅटक्झंट रिव्हरला बीन हे त्यांचे विद्यार्थी होते आणि नासात मागे पडून राहिले होते. अपोलो १२ च्या बोधचिन्हावर तीन अंतराळवीरांसाठी चार तारे आहेत. चौथा विल्यम्स यांचा.

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी फ्लोरिडात पाऊस पडत होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन उड्डाण पाहायला आले होते. सॅटर्न ५ आकाशात झेपावले आणि ३६ सेकंदांनी त्याच्यावर वीज कोसळली. पुन्हा ५२ व्या सेकंदाला दुसरी. यानातील विद्युत घट बंद पडले, दिशा दाखवणारे यंत्र गरगरू लागले, धोक्याचे बहुतेक दिवे एकदम पेटले. कॉनराड यांच्या डाव्या हाताशी मोहीम रद्द करण्याचा दांडा होता. तो फिरवला असता तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. त्यांनी तो फिरवला नाही. उलट, काय काय बंद पडले याची यादी शांतपणे वाचून दाखवली. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील सव्वीस वर्षांचे अभियंते जॉन ॲरन यांना आकड्यांचा तो गोंधळ एका जुन्या चाचणीतला म्हणून ओळखीचा वाटला. त्यांनी एक फारसे कोणाला माहीत नसलेले बटण बदलायला सांगितले. ते कुठे आहे हे बीन यांना आठवले आणि आकडे पुन्हा नीट दिसू लागले. यान कक्षेत पोचेपर्यंत तिघेही हसत होते, असे नंतर सर्वांनीच सांगितले आहे. भीतीचा निचरा माणसे कशाकशाने करतात!

१९ नोव्हेंबरला कॉनराड यांनी 'इंट्रेपिड' हे अवतरणयान वादळांच्या महासागरात उतरवले. हे नाव चंद्रावरील एका विस्तीर्ण, काळपट मैदानाचे. अपोलो ११ ठरल्या जागेपासून काही किलोमीटर पुढे गेले होते. या खेपेस नेमक्या जागी उतरायचे होते आणि खूण होती सर्व्हेयर ३ हे एप्रिल १९६७ मध्ये तिथे उतरलेले मानवरहित यान. कॉनराड त्याच्यापासून दोनशे मीटरच्याही आत उतरले. पावणेचार लाख किलोमीटर प्रवास करून!

शिडीवरून खाली येताना त्यांनी जे उद्गार काढले, त्यामागे एक पैज होती. इटालियन पत्रकार ओरियाना फलाची यांची खात्री होती, की आर्मस्ट्राँग यांचे ते गाजलेले वाक्य सरकारनेच लिहून दिले असणार. कॉनराड यांनी पाचशे डॉलरची पैज लावली, की आपण काय बोलायचे ते आपणच ठरवतो. म्हणून चंद्रावर उडी मारताना त्यांनी आपल्या ठेंगणेपणाचीच थट्टा केली : आर्मस्ट्राँग यांना छोटी वाटलेली ती उडी आपल्याला मात्र लांब वाटली, अशा अर्थाची. पैजेचे पैसे त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाहीत.

त्यांच्या मनात आणखी एक गंमत होती. हेल्मेटवर बसेल एवढी प्रचंड बेसबॉलची टोपी डोक्यावर चढवून दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर जायचे. टोपी यानात लपवून कशी न्यायची, हे काही सुचले नाही. नेली असती तर ती उपयोगाची ठरली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. कारण समोर होता सूर्य.

चंद्रावर उतरण्यासाठी नेहमी तिथली सकाळ निवडली जाई. सूर्य क्षितिजालगत असला, की सावल्या लांब पडतात, खड्डे आणि दगड वैमानिकाला नीट दिसतात. शिवाय जमीनही दुपारसारखी तापलेली नसते. एक प्रश्न असा सुटला आणि दुसरा उभा राहिला. खाली झुकलेला हा सूर्य पूर्वेकडे तोंड केले, की थेट डोळ्यांत घुसे. कपाळावरून खाली ओढता येईल अशी पट्टी त्या वेळच्या हेल्मेटवर नव्हती. ती पुढच्या मोहिमांच्या हेल्मेटवर आली. कॉनराड आणि बीन यांना पूर्वेकडे जाताना सोनेरी काच खाली ओढूनही हात कपाळाशी धरावा लागे. सावलीत शिरले की तीच काच आंधळी करी. मग ती वर सारायची.

माणसांच्या डोळ्यांची अशी बडदास्त ठेवलेली होती. कॅमेऱ्याच्या डोळ्याची नव्हती. चंद्रभूमीवरून प्रथमच रंगीत दूरचित्रवाणी प्रक्षेपण होणार होते. थोड्याच वेळात बीन यांनी कॅमेरा यानावरून काढून तिकाटण्यावर लावायला घेतला आणि नेताना त्याचे तोंड सूर्याकडे झाले. काही क्षणांत आतील प्रकाशसंवेदी नळी भाजून निघाली. पृथ्वीवरच्या पडद्यांवर वरच्या बाजूला पांढरा पट्टा आणि खाली काळोख एवढेच उरले. बीन यांनी हातोडीने कॅमेऱ्याला टकटक करून पाहिले. व्यर्थ. जगभरचे प्रेक्षक आवाज ऐकत राहिले. अमेरिकेत वाहिन्यांनी नट आणि कळसूत्री बाहुल्या उभ्या करून वेळ मारून नेली. सोन्याचा तो तलम थर नसता तर माणसाच्या डोळ्यावर काय ओढवले असते, याचा याहून बोलका दाखला चंद्राने दिलेला नाही. कॉनराड यांच्या वाट्याला मात्र त्याचा एक कडवट परिणाम आला. त्यांचे चंद्रावरचे चालणे, बागडणे, गुणगुणणे जगाने पाहिलेच नाही.

दोन खेपांत मिळून दोघे सुमारे पावणेआठ तास बाहेर होते. मनगटावर कामांची टिपणवही बांधलेली होती. तिची पाने उलटता उलटता त्यांना मध्येच काही विवस्त्र सुंदरींची छायाचित्रे सापडली. राखीव तुकडीतल्या मित्रांची ती करामत. दोघांचे खिदळणे पृथ्वीवर ऐकू आले, कारण मात्र तेव्हा कोणाला कळले नाही. काम या सगळ्यात थांबले नाही. त्यांनी वैज्ञानिक उपकरणे मांडली आणि ३४ किलो दगडमाती गोळा केली.

दुसऱ्या खेपेस ते सर्व्हेयरपाशी गेले. आदल्या दिवशी ते यान खड्ड्याच्या सावलीत होते आणि उतार भयंकर वाटला होता. सूर्य थोडा वर आल्यावर तोच उतार सौम्य निघाला. दोन वर्षे सात महिने उघड्यावर उभ्या असलेल्या त्या यानाचा मूळचा पांढरा रंग तपकिरी झाला होता. कॉनराड यांनी त्याचा कॅमेरा कापून घेतला. तो आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे.

इथेच त्या दोघांचा खरा बेत होता. चंद्रावर एकाच वेळी दोघांचे छायाचित्र काढणे शक्य नसे, कारण कॅमेरा कोणातरी एकाच्या छातीवर असे. म्हणून आर्मस्ट्राँग यांची चंद्रावरची चांगली छायाचित्रे अगदीच थोडी आहेत. सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात तेही ऑल्ड्रिन यांच्या हेल्मेटच्या काचेत ठिपक्याएवढेच दिसतात. कॉनराड आणि बीन यांनी कॅमेऱ्याला लावायचा एक छोटा टायमर कोणालाही न सांगता सोबत आणला होता. सर्व्हेयरच्या शेजारी दोघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि कॅमेऱ्याने आपले आपण छायाचित्र काढायचे. पृथ्वीवर ते पाहणाऱ्यांना प्रश्न पडणार, की मग हे काढले कोणी? टायमर नमुन्यांच्या पिशवीत टाकलेला होता. सर्व्हेयरपाशी पोचल्यावर हात घालून पाहतात, तर पिशवी दगडांनी आणि काळ्या भुकटीने भरलेली. फुगलेल्या जाड हातमोज्यांनी चाचपून काही लागेना. घड्याळ पळत होते. बेत सोडून द्यावा लागला.

बीन यांनी सर्व्हेयरजवळ कॉनराड यांचे छायाचित्र घेतले. पलीकडे क्षितिजावर 'इंट्रेपिड' उभे आहे. कॉनराड यांचा चेहरा अर्थातच दिसत नाही. कॉनराड यांनी मातीची डबी धरलेल्या बीन यांचे छायाचित्र घेतले आणि तेच ते आरशाचे छायाचित्र. दोघे मित्र चंद्रावर एकाच चौकटीत आले, ते टायमरमुळे नव्हे. उन्हापासून डोळे वाचवण्यासाठी दिलेल्या सोन्याच्या मुलाम्यामुळे. काच फुगीर असल्याने तिच्यात भोवतालचा सारा परिसर मावला आणि त्यात कॉनराडही मावले.

पुढे घरी आलेल्या चित्रांत कॉनराड कोणते आणि बीन कोणते, हे ओळखताना तज्ज्ञांचीही दमछाक झाली. दोन्ही पोशाख सारखे, दोन्ही चेहरे सोन्याआड. अपोलो ११ च्या वेळीही हीच अडचण आली होती. अखेर अपोलो १३ पासून कप्तानाच्या हेल्मेटवर, दंडांवर आणि पायांवर लाल पट्टे आले. चेहरा हरवलेल्या माणसाला ओळख देण्याचा तो साधा उपाय होता.

चंद्राच्या धुळीने दोघांना अक्षरशः माखले. ही धूळ पाण्यावाऱ्याने कधी झिजलेली नसते. तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात. तीन वर्षांनंतर अपोलो १७ मध्ये हॅरिसन श्मिट यांची सोनेरी काच धुळीने इतकी ओरखडली, की काही दिशांना त्यांना दिसेनासे झाले. कॉनराड आणि बीन परतले तेव्हा मुख्य यानात थांबलेल्या गॉर्डन यांनी त्यांचा अवतार पाहून दारातच अडवले. पोशाख उतरवून, अगदी जन्मले तसे, दोघांना आत यावे लागले. २४ नोव्हेंबरला यान प्रशांत महासागरात जोराने आदळले आणि एक कॅमेरा निसटून बीन यांच्या कपाळावर बसला. टाके घालावे लागले. चंद्रावर हेल्मेट घालून दोन दिवस सुखरूप हिंडलेल्या माणसाला मार लागला, तो घरी पोचताना, हेल्मेट नसताना.

चंद्रावर जाऊन आलेल्या अनेकांना पुढचे आयुष्य बेचव वाटले. कॉनराड यांना तसे वाटायला उसंतच मिळाली नाही. आपल्या कारकिर्दीत ते स्वतः ज्याला सर्वाधिक मोल देत, ते काम अजून व्हायचे होते.

१४ मे १९७३ रोजी अमेरिकेने स्कायलॅब ही पहिली अंतराळ प्रयोगशाळा सोडली. उड्डाणानंतर मिनिटाभरात तिच्या अंगावरचे, उल्काकण आणि ऊन अडवणारे कवच फाटून गेले. जाताना त्याने एक सौरपंख तोडला आणि दुसरा पत्र्याच्या पट्टीने जखडून टाकला. वीज नाही आणि सावलीही नाही. आतले तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर गेले. अब्जावधी डॉलर पाण्यात जाण्याची वेळ आली. कॉनराड, डॉ. जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ यांचे उड्डाण दहा दिवसांनी लांबवण्यात आले आणि तेवढ्या वेळात ह्यूस्टनच्या कार्यशाळेत जॅक किन्झलर यांनी एक छत्री बनवली. हो, छत्रीच. मासे पकडण्याच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या पाहून त्यांना ती कल्पना सुचली. २५ मे रोजी तिघे निघाले. छोट्या झडपेतून मिटलेली छत्री बाहेर सारून त्यांनी ती उघडली. पत्रे हळूहळू निवू लागले. चंद्रावर एका माणसाच्या डोळ्यांवर जे आवरण लागले होते, तेच इथे अख्ख्या घरावर लागले, एवढाच फरक.

७ जूनला कॉनराड आणि कर्विन बाहेर पडले. डोक्यावर पुन्हा तीच सोनेरी काच. लांब दांड्याला लावलेल्या कातरीने त्यांनी ती पट्टी कापली आणि पंख मोकळा करण्यासाठी दोरी खांद्यावर घेऊन जोर लावला. पंख एकदम सुटला आणि दोघेही फेकले गेले. कमरेच्या दोऱ्यांनी वाचवले. स्कायलॅबला वीज मिळाली. तिथे तिघे २८ दिवस राहिले. दीर्घ मुदतीच्या प्रवासासाठी अयोग्य ठरवलेल्या माणसाच्या नावावर हाही विक्रम लागला. १९७८ मध्ये अमेरिकेने त्यांना अंतराळवीरांसाठीचे सर्वोच्च सन्मानपदक दिले, ते प्रामुख्याने या कामगिरीसाठी.

१९७३ मध्ये त्यांनी नौदल आणि नासा दोन्ही सोडले. पुढे बरीच वर्षे ते मॅक्डोनेल डग्लस या विमान कंपनीत होते. नव्वदीच्या दशकात, उभे उड्डाण करून उभेच उतरणाऱ्या डीसी-एक्स या प्रायोगिक अग्निबाणाची उड्डाणे त्यांनी जमिनीवरून हाताळली. असे अग्निबाण आज नित्याचे झाले आहेत. तेव्हा ते अनेकांना खुळ वाटे. ८ जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील ओहायजवळ, पत्नी आणि मित्रांसोबत मोटारसायकलवरून जाताना एका वळणावर त्यांची गाडी रस्त्याबाहेर गेली. दुखापत प्रथम किरकोळ वाटली. पण आतल्या आत रक्तस्राव होऊन काही तासांतच त्यांचे निधन झाले. वय ६९. अपोलो ११ चा तिसावा वर्धापनदिन अवघ्या बारा दिवसांवर होता. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले, तेव्हा अपोलो काळातले बरेचसे सहकारी उपस्थित होते.

बीन यांनी १९८१ मध्ये नासा सोडून कुंचला हाती घेतला आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत चंद्राचीच चित्रे काढली. त्यातल्या एका चित्रात सर्व्हेयरच्या शेजारी दोन अंतराळवीर खांद्याला खांदा लावून उभे आहेत : न काढता आलेले ते छायाचित्र. टायमर खरे तर त्याच दिवशी सापडला होता. यानापाशी परतून पिशवी रिकामी करताना तो दगडांबरोबर बाहेर पडला. पण तोवर सर्व्हेयर मागे राहिले होते आणि वेळ संपली होती. बीन यांनी तो उचलला आणि अंगात होता तेवढा जोर लावून दूर भिरकावून दिला. वादळांच्या महासागरात तो अजूनही तिथेच कुठेतरी पडलेला आहे.